साडूवर दात

३ मार्च, सकाळ
आज माझ्यावर घोर अन्याय झाला. त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून ही वही.

माझा टॉवेल गेला. निळा, जाड, कडेला पांढरी पट्टी, माझ्या अंगाला सरावलेला. आंघोळ करून हात बाहेर काढला तर खुंटीवर नुसती हवा. हाक मारली. बायकोचं उत्तर आलं की तो बाळाखाली घातलाय, घरात तेवढाच एक मऊ आहे. मग मी काय करू, असं विचारलं. जरा वाऱ्यावर उभे राहा, असं सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सुचवलं.

ज्या घरात कर्ता पुरुष ओला उभा असतो आणि आठवड्यापूर्वी आलेली व्यक्ती त्याच्या टॉवेलवर झोपते (नुसती झोपते असंही नाही), त्या घरात सत्तांतर झालंय हे शहाण्यानं ओळखावं. मी ओळखलं. टॉवेल सोडला.

नाव मात्र सोडणार नाही. मुलीचं नाव मीच ठेवणार. पुस्तकं, वेबसाइटी, मावश्या, आत्या, कुणाचंही ऐकणार नाही. कारण: साडू.

३ मार्च, संध्याकाळ
साडूचं प्रकरण एकदा शांतपणे लिहून काढतो. राग नाही. नुसती माहिती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डायनिंग टेबलावर मी सहज बोलून गेलो की मला कधी मुलगी झाली तर मी तिचं नाव अमुक ठेवीन. ते अमुक मी इथे लिहिणार नाही. दोन अक्षरी, हलकं, कॉलेजपासून जपलेलं. साडू घास चावता चावता म्हणाला, वा, काय सुरेख आहे हो. पुढच्या महिन्यात त्याला मुलगी झाली. तिचं नाव अमुक! आणि वर फोन करून मलाच सांगतो, तुमचं नाव ठेवलं बरं का. म्हणजे चोरानं घर फोडायचं आणि घरमालकाला फोन करून सांगायचं, फर्निचर फार छान आहे तुमचं.

ते नाव मी आजवर उच्चारलेलं नाही. त्या मुलीला मी 'बाळ' म्हणतो. ती आता तीन वर्षांची आहे. तिला ते आवडत नाही. नाइलाज आहे.

तेव्हापासून माझा साडूवर दात आहे.

४ मार्च
नाव ठेवणं हा माझा धंदा आहे, हे घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. रंगांच्या कंपनीत शेडकार्डवरची नावं मीच लिहितो. एकट्या पांढऱ्याला मी आजवर एकतीस नावं दिली. 'शांत कापूस' माझं. 'थकलेला शंख' माझं. 'अनाथ सकाळ' हा राखाडी खपला नाही, पण तो दोष राखाडीचा. एका मुलीला एक नाव म्हणजे माझा जेवणाच्या सुट्टीतला प्रश्न.

संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत नाव फायनल.

६ मार्च
यादी वाचून दाखवली. सगळी नावं रंगांची. भारदस्त. निकाल असा:

मंजिष्ठा. सासूबाई म्हणाल्या, ती पावडर ना, मुरुमांवर लावतात ती?

कपिशा. बायको म्हणाली, कपी म्हणजे माकड. मी सांगितलं की कपिशा म्हणजे माकड नव्हे, कपिशा म्हणजे माकडाच्या रंगाची. हे ऐकून सासूबाईंनी बाळाला उचलून आत नेलं.

धूसरा. बायको म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटतं.

अरुणिका. हे सगळ्यांना आवडलं. म्हणून मीच काढून टाकलं. जे सगळ्यांना आवडतं ते साडूलाही आवडणार, आणि साडूला आवडलेली वस्तू कुठे जाते हा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

९ मार्च
साडू, मेहुणी आणि ते बाळ (मोठं) बाळाला (छोट्या) बघायला आले. साडूनं हात धुतले, वाकला, करंगळीनं माझ्या मुलीचा ओठ वर केला आणि म्हणाला, हिरड्या फर्स्ट क्लास आहेत. तेरा दिवसांच्या मुलीच्या हिरड्या! सासूबाईंना मात्र एवढा आनंद झाला की जसं काही कौतुक त्यांच्याच हिरड्यांचं झालं.

मग चहा घेताना मला म्हणाला, काय साडूभाऊ, नाव ठरलं की नाही? नसेल सुचत तर सांगा, आमच्याकडची दोन शिल्लक आहेत.

सगळे हसले. बायकोसुद्धा. मी चहाचा कप बशीत ठेवला. आवाज न करता. राग आला की माझा कप कधीच वाजत नाही.

शिल्लक! माझ्या मुलीला शिल्लक!

संकल्प: नाव आता नुसतं सुंदर असून भागणार नाही. ते साडूला लागलं पाहिजे.

१० मार्च
सापडलं. शब्दकोशाच्या ढिगातून एक नाव उठून उभंच राहिलं माझ्यापुढे.

विजिगीषा.

अर्थ: जिंकण्याची इच्छा.

योजना अशी. साडूला या शब्दाचा अर्थ माहीत असणं शक्य नाही. त्याला तो विचारावाच लागेल. चारचौघांत. मग मी सावकाश सांगेन, जिंकण्याची इच्छा, आणि सांगून झाल्यावर त्याच्याकडे एक क्षण जास्त बघेन. बस. शिवाय आयुष्यभर, प्रत्येक वाढदिवसाला, त्याला हे नाव कार्डावर लिहावं लागेल. चार अक्षरं आणि तीन वेलांट्या, त्यातली एक वेगळी. चुकणार म्हणजे चुकणार. आणि मी ती चूक प्रेमानं दुरुस्त करून पाठवणार.

नाव चोरण्याचीही भीती नाही. कोण चोरेल?

११ मार्च
लोकांवर नाव थोडं थोडं टाकून पाहतोय. नव्या शेडचं करतो तसंच. भिंतीच्या कोपऱ्यात आधी एक पट्टा.

सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, शिंक आली का जावईबापू? आणि मग खरंच विचारलं, पाणी देऊ का?

बॉसला ऐकवलं. बॉस म्हणाले, चांगलं आहे, पण आपण इलेक्ट्रिकल प्रॉडक्ट कधी काढले?

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे बाळाची पावडर घ्यायला गेलो होतो. त्यालाही सहज म्हटलं, विजिगीषा. तो फळीकडे वळत म्हणाला, अडीचशेची देऊ की पाचशेची?

लोकांचा शब्दसंग्रह आटत चाललाय. माझ्या नावात काही खोट नाही.

१३ मार्च
शेवटी बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बाळाचा पाय मोज्यात घालत होती, तो घालून झाला. मग मला बाल्कनीत नेलं. खाली रस्ता, शाळा सुटलेली, स्कूटरी. ती म्हणाली, समज ही चार वर्षांची आहे, माझा हात सोडून पळाली, पलीकडून गाडी येतेय. मार हाक.

मी मारली. विजिगीषा! आवाज खणखणीत लागला. समोरच्या बाल्कनीतल्या बाई आत गेल्या.

बायको म्हणाली, तू 'गी'वर होतास तेव्हा गाडी गेली.

मी म्हटलं, लाडानं छोटं करू. ती म्हणाली, काय करणार? विजी? पंख्याचं बटण दाबल्यासारखं? आणि आत जाता जाता म्हणाली, नाव हाक मारायला असतं रे, कुणाच्या डोक्यात घालायला नसतं. भावोजींशी भांडायचंय तर स्वतः भांड. ती तुझी काठी नाही.

बायको थकली आहे. झोप होत नाही तिची. तिचं बोलणं मनावर घेतलं नाही.

(काठी! मनावर घेतलं नाही म्हणजे नाही.)

१५ मार्च
ऑफिसात पिवळ्यांचं काम. एक शेड फार विशेष आली, जुनी, चहाची छटा असलेली. मी तिला 'डॉक्टरांचे स्वतःचे दात' असं नाव दिलं. खूप बरं वाटलं. बॉसनं खोडून 'क्रीम दोन' केलं. हरकत नाही. ड्राफ्टमध्ये राहिलं आहे.

संध्याकाळपासून उजवीकडे, खाली, अगदी मागे, किंचित ठणकतंय. बहुधा विचारांचा ताण.

१६ मार्च
ताण वाढला आहे. गालात. लवंग धरली.

बायको म्हणाली, भावोजींकडे जा. मी म्हटलं, जगात एकच दातांचा डॉक्टर नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. मरेन, पण त्याच्यापुढे तोंड उघडणार नाही.

१७ मार्च
दुसऱ्या डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यापर्यंत नंबर नाही. तिसऱ्याचा दवाखाना बंद. चौथ्याची रिसेप्शनिस्ट म्हणाली, एवढं दुखतंय तर आमच्या सरांच्या ओळखीचे एक फार चांगले डॉक्टर आहेत, त्यांचं नाव देते. तिनं साडूचं नाव दिलं.

जेवलो नाही. पाणी डावीकडून प्यायलो. दातओठ खायची इच्छा होती, पण खाता येत नव्हते.

१८ मार्च, सकाळ
बायकोनं काल ताईला फोन केला होता म्हणे. दुपारी बाराची वेळ मिळाली आहे. मी जातोय, पण माझ्या अटींवर. तिथे जाऊन, त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच डोळ्यांत बघून नाव जाहीर करणार. रणांगण शत्रूचं, वार आपला. उलट बरंच झालं.

१८ मार्च, संध्याकाळ
गाल उशीएवढा. लिहितो, कारण बोलता येत नाही.

खुर्ची मागे गेली. डोळ्यांवर दिवा. साडूनं आरसा आत घातला, पाहिलं आणि म्हणाला, अक्कलदाढ आहे. वाकडी आली आहे. तशीही तुमच्या काही कामाची नव्हती, काढून टाकू. मग सुई. मग अर्धं तोंड माझं राहिलं नाही. गालात कापूस, जिभेखाली लाळ ओढणारी नळी, जबडा फाकवलेला. आणि अशा अवस्थेत, सगळे दातांचे डॉक्टर विचारतात तसं, त्यानं विचारलं, मग? काय ठरवलं शेवटी नाव?

हीच ती वेळ. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत बघितलं. (त्यानं संरक्षणाचा चष्मा लावला होता, त्यात मला माझाच जबडा दिसला.) आणि पूर्ण ताकदीनं म्हणालो: विजिगीषा.

बाहेर जे पडलं ते असं: इ-इ-ई-हा.

साडूचा हात थांबला. तो म्हणाला, ईहा?

मी जोरात मान हलवली. नाही अशी. पण डोकं दोन उश्यांमध्ये अडकवलेलं, ती मान फक्त वरखाली हलली.

ईहा! वा, वा, वा, साडू म्हणाला. काय नाव आहे हो! मग दाराकडे तोंड करून रिसेप्शनिस्टला ओरडून सांगितलं. तिनं ताईला फोन लावला. ताईनं हिला. माझी दाढ अजून जागेवर होती आणि बातमी चार घरांत पोहोचली होती. मी निषेध केला. नळीनं तो ओढून घेतला.

मग कडकन आवाज आला आणि साडूनं चिमट्यात धरून मला दाढ दाखवली. केवढी होती! इतकी वर्षं आत होती हे खरं वाटेना.

१९ मार्च
घरात ईहा सुरू झालं आहे. सासूबाई ईहा. दूधवाला ईहा. समोरच्या बाईसुद्धा बाल्कनीतून ईहा.

आणि बायको. सकाळी माझ्यासाठी पातळ काहीतरी घेऊन आली, बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मला वाटलं होतं तू त्या लढाईच्या नावावरच अडून बसशील. आणि तुला हे सुचलं! हे सुचायला माणूस आतून मऊ असावा लागतो. असं तिनं माझ्याकडे लग्नानंतर एकदाच बघितलं होतं, आणि तेव्हा मी गॅसचा रेग्युलेटर बसवला होता.

खरं सांगणार होतो. पण तोंडात कापूस होता. कापूस काढल्यावर सांगू असं ठरवलं. कापूस काढला तेव्हा ती झोपली होती.

शब्दकोश बघितला. ईहा: इच्छा. विजिगीषा: जिंकण्याची इच्छा. म्हणजे जिंकणं तेवढं साडूनं उपटून घेतलं आणि इच्छा माझ्याकडे ठेवली.

२१ मार्च
नवी योजना. घरचं नाव ईहा, चालेल. खरं नाव विजिगीषा. सरकारी कागदावर जे असतं ते खरं. पुढच्या आठवड्यात जन्मनोंदणी आहे. तिथे मी एकटा जाईन, तीन वेलांट्यांसकट लिहून येईन, आणि योग्य वेळी तो दाखला साडूपुढे ठेवेन.

दरम्यान लोक विचारतात, हे गोड नाव कुणाला सुचलं? मी सांगतो, मला. युद्धात थोडं खोटं चालतं.

२५ मार्च
टाके काढायला गेलो. साडूकडे पेशंट होता, बाहेर बसलो. पांढऱ्या भिंती. 'थकलेला शंख', माझाच, कोपऱ्यात जरा पोपडा आलेला. रिसेप्शनिस्ट चौकशी करत होती. मग म्हणाली, तुम्हीच ना ते नाववाले? डॉक्टरांच्या छोटीचं नाव तुम्हीच दिलेलं ना? डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. कुणी म्हटलं की काय सुंदर नाव, की लगेच, आमच्या साडूंचं आहे हो, त्यांनी ते स्वतःसाठी ठेवलं होतं, आम्हाला दिलं.

दिलं.

मी विचारलं, असं किती जणांना सांगितलं असेल? ती म्हणाली, तीन वर्षं झाली, दातदुखी काही थांबत नाही लोकांची.

बसून राहिलो. टेबलावरचं मासिक उलटं धरलं होतं हे बऱ्याच वेळानं कळलं.

ही त्याची चाल असणार. चोरी करायची आणि मालकाला दानशूर ठरवायचं, म्हणजे त्याला तक्रारही करता येऊ नये. तीन वर्षं! माणूस फार खोल आहे.

मी विषय बदलला. म्हटलं, बधिर तोंडाचं बोलणं डॉक्टरांना काय कळत असेल, नाही? ती हसली. म्हणाली, अहो, सगळं कळतं. परवा एका आजोबांनी तोंडात कापूस असताना अख्खा पत्ता सांगितला, डॉक्टरांनी गल्लीसकट मला लिहायला लावला. वीस वर्षं तेच ऐकतायत.

असेल. माझ्याच वेळी नेमका चुकला.

टाके काढले. दुखलं नाही. साडू म्हणाला, आता कसं हलकं वाटतंय ना?

२७ मार्च
नोंदणी. एकटा जाणार होतो. बायको म्हणाली, मीही येते, मुलीला तिचं नाव लागताना बघायचंय. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

लांब खोली, पंखे, खिडकीशी रांग. खिडकीतल्या बाई एका बोटानं टाइप करणाऱ्या. म्हणाल्या, नाव बोला. बायको शेजारी, बाळ तिच्या खांद्यावर. मी खिडकीत तोंड घालून, आवाज बारीक करून म्हणालो, विजिगीषा.

मोठ्यानं बोला, बाई म्हणाल्या.

मोठ्यानं बोललो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. १९ तारखेला जे डोळ्यांत होतं ते निघून गेलं. दिवा घालवल्यासारखं.

बाईंनी विचारलं, वेलांट्या कशा? मी म्हटलं, पहिली, पहिली, दुसरी. टाइप झालं. मग मला शंका आली. म्हटलं, थांबा, पहिली, दुसरी, पहिली. बाईंनी खोडलं. 'षा' षटकोनाचा की शहामृगाचा? मागचा माणूस त्याच्या मुलाला म्हणाला, बस बाळा, वेळ लागेल. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला, बघा बरोबर आहे का. मी बघितलं. काहीतरी चुकलेलं होतं, पण काय ते मला दिसत नव्हतं. मला! साडूसाठी खणलेला खड्डा, आणि आत मी, वेलांट्या चाचपतोय.

बाळ रडायला लागलं. रांग हलली. बायकोनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, ईहा. ईहा.

रडणं थांबलं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही नावानं कुणाचं रडणं थांबलेलं नाही.

मी बाईंना म्हटलं, खोडा ते. दोनच अक्षरं. दीर्घ ई, हा.

बाई म्हणाल्या, आधीच सांगायचं ना.

ही माघार नव्हे. डावपेच आहे. बाहेर आल्यावर बायकोनं बाळ माझ्याकडे दिलं आणि स्वतः पर्स सावरत पुढे चालायला लागली. पण बाळ दिलं.

१५ एप्रिल
बाळाला लस टोचायला नेलं. बाकावर बसलो, तिघं. शेजारच्या बाईंच्या मांडीवर एक गुटगुटीत मुलगा, त्यानं माझी बाही तोंडात घातलेली. बाईंनी हिचं नाव विचारलं. बायकोनं सांगितलं. बाई म्हणाल्या, अगं बाई, किती गोड! कुणी ठेवलं हो?

बायकोनं खिडकीबाहेर बघितलं. तिला माझं उत्तर पाठ आहे. गेला महिनाभर तेच देतोय.

मी म्हटलं, हिच्या काकांनी. मावशीच्या मिस्टरांनी. दातांचे डॉक्टर आहेत.

बाई म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरांना बरं सुचलं!

मी म्हटलं, कान चांगला आहे त्यांचा.

मग आमचा नंबर आला. टोचलं. ती रडली, मी हाक मारली, ती थांबली नाही. दुसऱ्यांदा मारली. थांबली.

हे साडूच्या कानावर अजिबात जाता कामा नये. बायकोला तसं निक्षून बजावणार होतो. पण मी बाहेर चपला घालेपर्यंत तिनं ताईला फोन लावला होता.